इस्त्री केलेला घाम

४ मार्च

चिमणे,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्या वेळी समोरचा चहा निवून गेला. घामातून नुसतं मीठपाणी जात नाही, प्रथिनं ज्यांची बनतात ती अमिनो आम्लंही वाहून जातात, आणि ती भरून काढली नाहीत तर माणूस थकतो, हे तू छान समजावलंस. मला कळलं म्हणजे कुणालाही कळेल. आमच्याच लाँड्रीत तुमच्या सरांनी हा अभ्यास केला, धुलाईखात्यातल्या बारा पुरुषांच्या पाठींना पट्ट्या चिकटवल्या, हेही वाचून बरं वाटलं. इथवर माझा चहा गरम होता.

मग तू लिहितेस, 'स्त्रियांचा आकडा पुरुषांच्या आकड्यावरून वजनाच्या प्रमाणात काढला आहे.'

काढला आहे? कुठून काढला? टोपीतून? मी त्या लाँड्रीच्या इस्त्रीखात्यात एकतीस वर्षं मुकादमीण होते. धुलाईवाले दार उघडं ठेवून काम करतात आणि मधूनमधून बाहेर जाऊन विड्या ओढतात. इस्त्रीखात्यात नऊ बायका आठ तास वाफेच्या प्रेससमोर उभ्या. पंखा लावायचा नाही, कारण चादरी उडतात. आणि त्यांचा घाम म्हणे पुरुषांच्या घामाची छोटी आवृत्ती!

आता मॅनेजर त्या अहवालावरून धुलाईवाल्यांना मधल्या वेळात अर्धा तास सुट्टी, दूध आणि दोन उकडलेली अंडी देणार आहे असं कानावर आलं. बायकांना काय? वजनाच्या प्रमाणात अंड्याचं टरफल?

तुझ्या सरांना माझा नमस्कार सांगू नकोस.

मावशी

ता. क. फोन करू नकोस. फोनवर भांडताना मी मुद्दे विसरते, कागदावर विसरत नाही.

&nbsp;

११ मार्च

प्रिय मावशी,

नमस्कार सांगितला नाही. पत्र मात्र दाखवलं. सरांनी चष्मा काढून पुसला, म्हणजे लागलं असावं. म्हणाले, "बायका घ्यायला माझी ना नाही. पण त्यांच्या पाठीवर पट्ट्या लावणार कोण? आपल्या दाढीवाल्याला त्या खात्यात पाऊल टाकू देणार नाहीत." दाढीवाला म्हणजे आमचा प्रयोगशाळेतला सहायक. गरीब गाय आहे, पण दाढी आहे.

मी म्हटलं, माझ्याकडे एक माणूस आहे.

तर मावशी, आता तूच कर. सकाळी सातला प्रत्येकीचं वजन. पाठ नुसत्या पाण्याने पुसून घ्यायची, साबण नको, पावडर तर अजिबात नको. मग कापसाची पट्टी चिकटवायची. दिवसभर कोण किती पाणी प्यायली ते लिहायचं. तीनला पुन्हा वजन. पट्टी चिमट्याने काढून तशीच्या तशी पिशवीत, पिशवी बंद, आणि दारात उभ्या असलेल्या दाढीवाल्याच्या बर्फाच्या डब्यात. पट्ट्या काढण्याचं काम दुसऱ्या कुणाला सांगू नकोस, हातांनासुद्धा ही आम्लं असतात.

अहवाल वीस एप्रिलला मॅनेजरकडे जाईल. त्यावर तो एकदाच निर्णय घेणार. म्हणजे इस्त्रीखात्याची सुट्टी आणि दूध-अंडी या नऊ पट्ट्यांवर आहेत. सांभाळशील ना?

चिमणी

&nbsp;

१९ मार्च

चिमणे,

'सांभाळशील ना' हे मला विचारतेस? मी पाचशे खोल्यांच्या हॉटेलच्या चादरी सांभाळल्या आहेत.

परवा फत्ते झालं. बायकांना आधी वाटलं, पाठीला मलमपट्टी आहे. वेणीने तर विचारलं, "बाई, याने पाठदुखी जाईल का?" वेणी म्हणजे ती लांब केसांची, सगळ्यांत धाकटी, गेल्या उन्हाळ्यात प्रेसवरच चक्कर येऊन पडली होती ती. तेव्हा डॉक्टरने सांगितलं, 'नाजूक प्रकृती.' दिवसाला तीनशे चादरी दाबणारी नाजूक प्रकृती तू पाहिली आहेस का?

वजनाच्या काट्यावर मोठंच नाटक झालं. आकडा मोठ्याने वाचायचा नाही अशी सगळ्यांची अट. मी हाताचा आडोसा करून लिहिले, परीक्षेत उत्तर झाकतात तसे. कांजीने केसांतले आकडेसुद्धा काढून ठेवले. कांजी तुला आठवते? माझ्यानंतर आता खातं तीच बघते. कपड्यांना खळ, म्हणजे कांजी, इतकी कडक करते की तिचंही तेच नाव पडलं. माझ्याच हाताखाली तयार झाली आहे. मी नाकाचा शेंडा हलवला तरी तिला कळतं कुठली घडी चुकली.

सातपासून तीनपर्यंत मी तिथून एक मिनिट हलले नाही. पिशव्या बघून तुझा दाढीवाला म्हणाला, "पुरुषांच्या इतक्या नीटनेटक्या नव्हत्या." मी म्हटलं, "बाबा रे, हे इस्त्रीखातं आहे."

आता कळव, आमचा घाम कसा आहे.

मावशी

&nbsp;

२ एप्रिल

प्रिय मावशी,

वाईट बातमी आहे, आधीच सांगते.

बायकांच्या पट्ट्यांमध्ये अमिनो आम्लं जवळजवळ नाहीतच. काट्याप्रमाणे, प्यायलेलं पाणी धरून, प्रत्येकीच्या अंगातून सरासरी दीड किलो घाम गेला आहे. आणि पट्टीत काही नाही. सर खूश आहेत. म्हणाले, "बायकांचा घाम म्हणजे नुसतं पाणी. त्या काही गमावतच नाहीत. त्यांना पाण्याचा एक माठ पुरे." तसं वाक्य अहवालात जाणार आहे, माठ सोडून.

पण मावशी, मला एक पटत नाही. त्या पट्ट्यांत मीठही नाही. बिनमिठाचा घाम कुणाला येतो? सरांना म्हटलं तर म्हणाले, "तुला मावशी आहे म्हणून शंका आहेत."

म्हणून तुला विचारते, रागावू नकोस. तू खरंच पूर्ण वेळ तिथे होतीस का? पुरुषांच्या पट्ट्या चुरगळलेल्या, पिवळट, बोळा झालेल्या. तुझ्या नऊच्या नऊ पट्ट्या पांढऱ्या, सपाट, कडा सरळ. आणि पाच नंबरच्या एका कोपऱ्यावर तपकिरी डाग आहे, भाकरी करपल्यावर पडतो तसा. तो कसला?

वीस तारखेला अठरा दिवस आहेत.

चिमणी

&nbsp;

६ एप्रिल

कुमारी शास्त्रज्ञ यांस,

नुसतं पाणी? वेणीचा ॲप्रन संध्याकाळी खुंटीला टांगला की पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा दिसतात, नकाशा काढल्यासारख्या. तो धुतल्यावर पहिलं पाणी गढूळ निघतं. तुझ्या सरांना म्हणावं, ते पाणी पिऊन बघा, मग सांगा नुसतं आहे का.

आणि माझ्यावर संशय? मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले आहे. सिस्टर आम्हाला सांगायची, सभ्य मुलीचा घाम तिच्या रुमालाला ठाऊक असतो, जगाला नाही. आणि खोटं तर रुमालालाही सांगायचं नाही. एकतीस वर्षांत माझ्या खात्यातून एक डागाळलेला टॉवेल बाहेर गेला नाही. आणि आज माझी सख्खी भाची, जिचे लंगोट मी वाळत घातले, ती मला विचारते की तू तिथे होतीस का!

मशीन बिघडलं असेल. बर्फ वितळला असेल. दाढीवाल्याने पिशव्या बदलल्या असतील, त्याचं लक्ष सगळा वेळ वेणीकडे होतं.

पट्ट्या सपाट आहेत कारण आमच्या बायका पाठ ताठ ठेवून उभ्या राहतात.

मावशी

ता. क. तपकिरी डागाचं उद्या कांजीला विचारते. तेवढ्यासाठी काही माझा राग गेला असं समजू नकोस.

&nbsp;

९ एप्रिल

चिमणे,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे. बसून वाच.

परवा मी खात्यात गेले. कांजी टेबलावर उशांचे अभ्रे मोजत होती. मी विचारलं, "काय गं, त्या दिवशी पाच नंबरच्या पट्टीवर डाग कसला पडला?"

तिचा चेहरा उतरला. "बाई, दिसला का? मी म्हटलं होतं वेणीला, प्रेस जास्त तापलाय. कापूस पातळ, चटकन धरतो."

"प्रेस?" मी म्हटलं. "पट्टीचा आणि प्रेसचा काय संबंध?"

"मग बिनइस्त्रीच्या द्यायच्या होत्या?"

चिमणे, मी स्टुलावर बसले.

"कांजे," मी म्हटलं, "नीट सांग. काय केलंस?"

"काय म्हणजे? अडीच वाजले. पट्ट्या काढल्या. बाई, त्यांची काय दशा झाली होती! पिवळ्या, ओल्या, वास मारत होता. त्या तरुण पोराच्या हातात असल्या वस्तू द्यायच्या? बायकांच्या अंगावरच्या? आम्ही काय लाज सोडली? गरम पाण्यातून दोनदा खळबळल्या. साबण नाही लावला हं, तुम्ही सकाळी सांगितलं होतं साबण नको. मग प्रेसखाली धरल्या आणि पिशवीत भरल्या."

"आणि खळ?"

"खळ नाही घातली. औषधाचं काम होतं ना."

मी ओरडले. इतकी ओरडले की सगळे प्रेस थांबले. "अगं, त्यातला घाम हवा होता! तोच तर हवा होता! तुला कुणी सांगितला हा शहाणपणा?"

कांजी शांतपणे म्हणाली, "तुम्हीच. मी एकोणीस वर्षांची होते. पहिल्या दिवशी तुम्ही दारापाशी उभं केलंत आणि म्हणालात, या दारातून धुतल्याशिवाय आणि इस्त्री केल्याशिवाय काही बाहेर जाणार नाही. गेलं तर तू जाशील."

वाक्य माझंच. एक शब्द बदललेला नव्हता.

मग वेणी हळूच म्हणाली, "आम्ही विचारणार होतो बाई. पण तुम्ही झोपला होतात."

तर आता तेही. साडेबाराला मला उकडून डोळ्यांपुढे काजवे चमकले. पाच मिनिटं टेकावं म्हणून कोठीत गेले आणि चादरींच्या गठ्ठ्यावर डोळा लागला. पावणेतीनला कांजीने उठवलं तेव्हा पिशव्या भरून तयार होत्या. मला वाटलं, पोरगी हुशार, काम उरकलं. तुला लिहिताना हात थोडा अडखळला होता, पण 'एक मिनिट हलले नाही' हे वाक्य फार छान उतरलं होतं.

दाढीवाल्याची मनातल्या मनात क्षमा मागितली आहे. फक्त वेणीबद्दलचं मागे घेत नाही.

मावशी

&nbsp;

१२ एप्रिल

माझी लाडकी मावशी,

आधी हसून घेतलं. प्रयोगशाळेत एकटी होते, टेबलाला धरून हसले. जगात घामावर इतके प्रयोग झाले असतील, पण घाम इस्त्री करून कुणी पाठवला नसेल.

मग सरांकडे गेले आणि हसू गेलं. ते म्हणाले, "ही गोष्ट तू सांगतेस. तुला निकाल आवडला नाही आणि आठवड्यात गोष्ट तयार झाली. ज्यांच्यावर काम सोपवलं होतं त्यांनी सहीनिशी लिहून द्यावं: काय झालं, त्या कुठे होत्या, का होत्या. ते पत्र अहवालाला जोडलं जाईल, मॅनेजर वाचेल. मग सोळा तारखेला पुन्हा पट्ट्या लावू. नाहीतर आहे तो आकडा जाईल."

मी म्हटलं, कांजीने लिहून दिलं तर? ते म्हणाले, "कामावर असलेल्या बाईने चूक लिहून दिली तर मॅनेजर तिला काय करेल ते तुमच्या मावशींना विचारा."

मावशी, तो मॅनेजर कोण आहे ते मला ठाऊक आहे. तू निवृत्त झालीस तेव्हा ज्याने भाषणात 'एकही ठपका नसलेली एकतीस वर्षं' म्हटलं आणि ज्याचं ते वाक्य तू चौकटीत लावून भिंतीवर टांगलं आहेस, तोच. मी आग्रह करणार नाही. तू नाही म्हणालीस तरी तू माझी मावशी.

पण चौदापर्यंत कळव.

चिमणी

&nbsp;

१३ एप्रिल

चिमणे,

सोबत कागद आहे. दाढीवाल्याच्या हाती पाठवते आहे, टपालावर माझा भरवसा नाही. मजकूर असा:

'सतरा मार्च रोजी इस्त्रीखात्यातील नऊ पट्ट्या काढण्याचे काम माझे होते. मी साडेबारा ते पावणेतीन कोठीत झोपले होते. त्या वेळात पट्ट्या धुऊन इस्त्री करण्यात आल्या. तसे करणाऱ्यांना मी एकतीस वर्षे तेच शिकवले आहे आणि त्या दिवशी वेगळे काही सांगितले नव्हते. चूक माझी एकटीची. त्या निकालाला घामाचा निकाल म्हणू नये. तो माझ्या शिकवणुकीचा निकाल आहे. जाता जाता: नुसते बसून लिहिणाऱ्या माझ्यासारख्या बाईला ज्या खोलीत साडेपाच तासांत काजवे दिसले, त्या खोलीत या बायका आठ तास उभ्या असतात.'

शेवटचं वाक्य सरांनी मागितलं नव्हतं. पण सही माझी आहे.

चौकट भिंतीवरून काढली. मागे रंग ताजा निघाला. तिथे आता तुझा पदवीचा फोटो लावेन.

मावशी

&nbsp;

१७ एप्रिल

चिमणे,

दोनच ओळी. काल मी जेवण घरून करून गेले, ओला टॉवेल मानेवर टाकला आणि लोखंडी स्टुलावर बसले, ज्यावर झोप येणं शक्य नाही. बरोबर तीनला एकेक पट्टी चिमट्याने काढली. कांजी भिंतीकडे तोंड करून उभी होती. "बघवत नाही बाई," म्हणाली. "निदान घडी तरी घालू द्या." घालू दिली नाही.

मावशी

&nbsp;

४ मे

प्रिय मावशी,

अहवाल चार दिवस लांबवून घेतला आणि चोविसाला गेला. आता निकाल तुला सांगायला हरकत नाही.

मीठ सापडलं. अमिनो आम्लंही सापडली, चांगली भरभरून. वजनाच्या प्रमाणात पाहिलं तर तुमच्या नऊ जणी बारा पुरुषांपेक्षा कमी काही गमावत नाहीत. दोन-तीन आम्लं तर जास्तच गेली आहेत. सगळ्यांत वरचा आकडा वेणीचा.

आता लगेच छतावर चढून ओरडू नकोस. नऊच बायका, एकच खोली, एकच दिवस. याचा अर्थ सगळ्या जगातल्या बायकांचं असंच असतं असा होत नाही. एवढाच होतो की पुरुषांच्या आकड्यावरून त्यांचा आकडा 'काढता' येत नाही, मोजावा लागतो. हे वाक्य अहवालात आहे. सरांनी स्वतः लिहिलं. चष्मा दोनदा पुसला.

मॅनेजरचा आदेश आज निघाला: अर्धा तास सुट्टी, दूध, दोन अंडी, दोन्ही खात्यांना सारखं. येत्या सोमवारपासून. तुझं पत्र त्याने ठेवून घेतलं, परत मागितलं तर दिलं नाही. का ते कळलं नाही.

चिमणी

ता. क. दाढीवाला विचारतो, इस्त्रीखात्यात पुन्हा काही मोजायचं आहे का.

&nbsp;

११ मे

चिमणे,

सोमवारी अकराला मी मुद्दाम गेले. भोंगा झाला, प्रेस थांबले, आणि कुणालाच कळेना काय करायचं. एकतीस वर्षांत त्या वेळी त्या खोलीत मी कधी शांतता ऐकली नव्हती. नऊ बायका अंडं हातात धरून उभ्याच.

"बसा की," मी म्हटलं.

"कुठे?" वेणीने विचारलं. खरंच की. त्या खोलीत मुकादमिणीच्या एका स्टुलाखेरीज बसायला काही नाहीच. मी कधी ठेवूच दिलं नव्हतं. शेवटी मीच कोठीतून चादरींचे गठ्ठे ओढून आणले. बाहेर जायला तयार असलेल्या, घडी घातलेल्या, स्वच्छ चादरी. कांजी किंचाळली, "बाई, चुरगळतील!" मी म्हटलं, "चुरगळू देत. पुन्हा करू." मग बसल्या. वेणीने दोन्ही अंडी खाल्ली आणि कांजीच्या दुसऱ्याकडे बघत राहिली. कांजी दूध पीत होती, पण डावा हात मांडीखालच्या चादरीवरून फिरत होता, सुरकुती सारखी करत. मी तो हात धरून ठेवला, अर्धा तास संपेपर्यंत.

मॅनेजर दारात येऊन गेला. माझं पत्र का ठेवून घेतलंस म्हणून विचारलं. म्हणाला, "नोकरीत असताना तुम्ही असं कधी लिहून दिलं नसतं, म्हणून." मग म्हणाला, पुढच्या आठवड्यात बाकं येतील. मी म्हटलं, "नऊ नको, दहा. मी येणार आहे बघायला." तो हसला नाही, वहीत दहा लिहिलं.

दाढीवाल्याला सांग, मोजायचं काही नाही. पण वेणीला अकरा ते साडेअकरा सुट्टी असते.

सोबत माझा रुमाल पाठवते आहे. सोमवारी गठ्ठे ओढताना कपाळाचा पुसलेला. सिस्टर वर कुठे असेल तर डोळे झाकून घेईल. तुमच्या बारा-नऊच्या यादीत निवृत्त बायकांचं खातं दिसलं नाही, म्हणून म्हटलं, सुरुवात करून द्यावी. धुतलेला नाही. घडीही घातलेली नाही.

तुझी मावशी